ड्रॉप सीला तारा लोंबतायत, कोणता सेट लावू? (मेटल, साधा ट्रेमोलो)

गोलाई_रिफ (लातूर)

नमस्कार मंडळी. इथं गिटारवाले बरेच आहेत, पण तारांवरचे जुने धागे चाळले तर सगळे "कोणती कंपनी भारी" यावरच येऊन थांबलेत. माझी अडचण जरा वेगळी आहे.

कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही चौघं मेटल वाजवणार आहोत. दोन गिटार, बेस, ड्रम. दुसरा गिटारवालाच गातो आणि त्याचा आवाज खालच्या पट्टीत खुलतो, म्हणून सगळं ड्रॉप सी मध्ये बसवलंय (जाड तारेकडून सी-जी-सी-एफ-ए-डी). माझ्याकडं इबानेझची स्वस्तातली जीआरजी आहे. साडेपंचवीस इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), साधा ट्रेमोलो (हँडलने हलणारा ब्रिज), तारा कुलूपबंद करणारा फ्लॉइड रोझ नाही. कारखान्यातून आलेला ९-४२ चा सेटच अजून चालू आहे (पहिली तार इंचाच्या ९ हजारांश जाड, सहावी ४२). सहावी तार सीला उतरवली की वाळत घातलेल्या साडीच्या दोरीसारखी झोके घेते. पाम म्यूट केलं (तळहात ब्रिजपाशी तारांवर टेकवून वाजवलं) तर 'जग-जग' यायच्या ऐवजी 'भ्वांव' येतं, आणि ट्यूनरवर सूर आधी वर उडी मारतो, मग खाली येतो.

दुकानदार म्हणतो सरळ बाराचा सेट टाक, जितकी जाड तार तितकं हेवी. आमचा दुसरा गिटारवाला म्हणतो ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी आठच्या तारांवर वाजवतो, तुला कशाला जाड पाहिजेत. मी मधल्या मध्ये लटकलोय.

तर गेज (तारांची जाडी) कोणतं? निकेल का स्टील? कोटेडला (वरून पातळ लेप दिलेल्या तारांना) जास्तीचे पैसे घालावेत का? आणि जाड तारांनी मान वाकते म्हणतात, ते खरं का?

बीडचा_बेस (बीड)

बाराचा लाव अन् मोकळा हो. पहिला आठवडा बोटं बोंबलतील, मग काही नाही. कामून एवढा विचार करायलास?

तारतम्य (छ. संभाजीनगर)

विचार करायलाच पाहिजे, बेसभाऊ. तुमच्या वाद्याला चारच तारा, तुमचं बरंय.

गोलाई, तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: तारेचं वजन (म्हणजे ढोबळमानाने जाडी), नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (बॉडीवर तारा टेकतात तिथपर्यंतची) लांबी आणि सूर. कंपनी चौथ्या-पाचव्या नंबरला येते. यात सूर आणि जाडी दोन्हींचा परिणाम वर्गाने होतो. एक अर्धस्वर खाली उतरलं की ताण साधारण ११ टक्के घटतो, पूर्ण स्वर उतरलं की २० टक्क्यांहून थोडा जास्त. उलट बाजूने बघितलं तर दर अर्धस्वराला तार सुमारे ६ टक्के जाड केली की ताण होता तिथंच राहतो. एवढा एक हिशेब डोक्यात ठेवलास तर कुठल्याही ट्यूनिंगचा सेट स्वतःच काढता येतो.

आता तुझ्या गिटारचं बघू. आकडे अंदाजे आहेत, कंपनीगणिक थोडे इकडेतिकडे होतील. साडेपंचवीस इंचावर ४६ ची तार नेहमीच्या ई मध्ये जवळजवळ ८ किलो ताण घेते, आणि बहुतेक लोकांच्या हाताला तोच ताण 'बरोबर' वाटतो. तुझी ४२ ची तार ई मध्येच साडेसहा-पावणेसात किलोवर होती. सीला उतरल्यावर ती ४ किलोच्या आसपास आली. अर्ध्या ताणावर पाम म्यूट करायला गेलास तर भ्वांवच येणार.

ट्यूनरवरची उडीही त्यातूनच येते. पिक जोरात मारला की तार बाजूला ताणली जाते, म्हणजे तेवढ्या क्षणापुरती लांबते आणि तिचा ताण वाढतो. मुळातला ताण भरपूर असेल तर ही वाढ कळत नाही. मुळातच तार ढिली असेल तर तीच वाढ मोठी ठरते, सूर वर चढतो आणि कंप ओसरला की खाली बसतो. मेटलमध्ये उजवा हात जोरातच पडतो, त्यामुळं आपल्याला हे इतरांपेक्षा जास्त छळतं.

ई ते सी म्हणजे चार अर्धस्वर. ४६ च्या चार पायऱ्या वर गेलास की येतात ५८. म्हणजे सहावी तार ५६ ते ५८ मधली हवी. बाकीच्या पाच तारा मात्र दोनच अर्धस्वर उतरल्यात. त्यांना १० च्या सेटपेक्षा थोडंच जाड, म्हणजे ११ चा सेट पुरतो. सगळी गोम इथंच आहे. ड्रॉप ट्यूनिंगमध्ये एकटी सहावी तार जास्त खाली जाते आणि तयार सेट ते लक्षात घेतातच असं नाही.

गोलाई_रिफ (लातूर)

तारतम्य सर, हे कुणी एवढं उलगडून सांगितलं नव्हतं. धाग्याची वाचनखूण साठवली. मग १०-५२ चा 'स्किनी टॉप हेवी बॉटम' घेतला तर? सगळे तोच सांगतात.

तारतम्य (छ. संभाजीनगर)

सर नको, दादा चालेल.

१०-५२ हा ड्रॉप डी साठी झकास सेट. डी ला ५२ ची तार म्हणजे ई ला ४६ ची तार, ताण जवळजवळ तोच. ड्रॉप सीला मात्र तिरपा बसतो. त्यातली पाचवी तार ४२ ची असते, ती जी मध्ये साडेनऊ किलोच्या आसपास राहते, आणि सहावी ५२ ची सी मध्ये सव्वासहावर येते. शेजारशेजारच्या दोन तारांत तीन किलोचा फरक. पॉवर कॉर्डमध्ये या दोनच तारा सारख्या एकत्र वाजतात, एक कडक आणि एक मऊ. चालवून घेणारे पुष्कळ आहेत, पण विचारलंस म्हणून सांगितलं.

बाराचा घेतलास, म्हणजे १२-६०, तर सहावी साडेआठ किलोवर छान बसेल. पण पाचवी ४६ ची, ती ११ किलोच्या वर जाते. पहिली तारही सव्वाआठ-साडेआठवर. त्यावर पूर्ण स्वराचा बेंड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) मारून दाखव आणि मग दुकानदाराला फोन कर.

नांदेडचा_काका (नांदेड)

पोरांनो, किलो-ग्रॅमचा बाजार मांडलात. थोडं माझंही ऐका.

१७ मार्च २००७ ला आम्ही काही जण इथून बेंगळुरूला आयर्न मेडन ऐकायला गेलो होतो. तेव्हा मराठवाड्यात मेटल ऐकणारा माणूस शोधायला दिवा लावावा लागायचा. तीन-तीन गिटार एकदम, त्याही बहुतेक वेळा नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, आणि तरी मैदान हललं. हेवीपणा तारेच्या जाडीतून येतो हे डोक्यातून काढा.

आयोमीचं उदाहरण निघालंच आहे तर नीट सांगतो. बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना, वयाच्या सतराव्या वर्षी, मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हातच गेला. साबणाच्या प्लास्टिकच्या बाटलीचं प्लास्टिक वितळवून त्याने बोटांसाठी टोपणं केली. जड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या तारा लावून पाहिल्या, कारण तेव्हा गिटारच्या इतक्या पातळ तारांचे सेट बाजारात नव्हते. पुढं ब्लॅक सबाथच्या १९७१ च्या अल्बममध्ये तारा तीन अर्धस्वर उतरवल्या. मेटलचा सगळा वंश तिथून खाली आला, आणि तो माणूस पातळ तारांचा.

गिटारवाला माल्मस्टीनही बघा. पहिली तार आठची.

बीडचा_बेस (बीड)

काका, बँजो म्हणजे आपल्या वरातीतल्या बँजो पार्टीचा का? बटणं दाबायचा? तसं असंल तर आमच्या गल्लीत दोन आयोमी हायेत.

नांदेडचा_काका (नांदेड)

तो बुलबुलतरंग रे. हा अमेरिकन बँजो, चामडं चढवलेला. पण तुमच्या गल्लीतल्या त्या दोघांचा उजवा हात इथल्या निम्म्या गिटारवाल्यांपेक्षा पक्का असेल, हे मी लिहून देतो.

तारतम्य (छ. संभाजीनगर)

काका, तुमच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही, पण आयोमीचं उदाहरण गोलाईला लागू पडत नाही. एक तर ते तीन अर्धस्वर, आणि सगळ्या तारा सारख्याच उतरवलेल्या. दुसरं, ते रिफ सावकाश चालतात, तार लांब वाजत राहते. ढिल्या तारेची ती लवचीक, घरंगळणारी चाल त्या आवाजाचा भागच आहे. गोलाईला भराभर सोळाव्या मात्रांचं पाम म्यूट करायचंय. तिथं प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायला हवा आणि दोन ठोक्यांमध्ये तार जागेवर यायला हवी.

तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य: जाड तार म्हणजे जास्त हेवी, हे खोटं. जाड तार खालच्या सुरात *घट्ट* राहते, एवढंच तिचं काम. ई मध्येच वाजवायचं असेल तर ९ किंवा १० चा सेट पुरे. उलट फार जाड तार आखूड स्केलवर लावली तर ती ताठ होते, वरचे हार्मोनिक्स नीट जुळत नाहीत आणि आवाज मेणचट येतो. गिब्सनच्या पावणेपंचवीस इंची गिटारवर तोच सूर, तीच तार घेतली तर ताण साडेपंचवीसच्या मानाने ६ टक्के कमी असतो. म्हणून फार खाली जाणारी मंडळी जाडी वाढवत बसण्यापेक्षा २७ इंची बॅरिटोन गिटार घेतात. मेशुगासारखे बँड आठ तारांवर खालच्या एफ पर्यंत जातात, तेही लांब स्केलवरच.

नांदेडचा_काका (नांदेड)

हे पटलं. पण पोराने आधी अँपचा गेन (डिस्टॉर्शनचा जोर) कमी करून बघावा, ही माझी सूचना कायम. निम्मा भ्वांव तिथंच आहे. खालचे सूर डिस्टॉर्शनच्या आत शिरायच्या आधी थोडे छाटा (ओव्हरड्राइव्ह पेडल पुढं लावून, त्याचा गेन शून्यावर आणि लेव्हल वर), मग बघा तारा कशा सुट्या वाजतात.

सहावी_तार (परभणी)

गेजचं तारतम्य यांनी सांगितलंच आहे. मी शिकवते, आणि माझ्याकडं येणाऱ्या गिटारींत तार चुकीची असण्यापेक्षा तार बदलून बाकी काहीच न बदललेल्या गिटारी जास्त असतात. म्हणून गोलाई, सेट आणण्याआधी हे वाच.

मानेचं आधी. घाबरू नकोस, मोडत नाही. ९-४२ नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सहा तारांचा मिळून ताण ३८-३९ किलो. ११ चा सेट, सहावी ५६ ची, ड्रॉप सी मध्ये: ४३ च्या आसपास. म्हणजे चार-पाच किलोच वाढतात. १०-४६ ई मध्ये लावणारा माणूस ४७ किलो रोज लावतो आणि त्याची मान शाबूत असते. पण चार-पाच किलोनेही मान थोडी पुढं वाकते, ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) वर जातं. ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव आटा घट्ट कर, एक रात्र जाऊ दे, मग परत बघ. एकदम पूर्ण आटा फिरवू नये. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांब.

मग ट्रेमोलो. तारांचा ताण वाढला की ब्रिज पुढं झुकतो. मागचं झाकण उघड, स्प्रिंगा जिथं लाकडाला अडकवल्यात तिथले दोन स्क्रू आहेत, ते थोडे थोडे आत घे. एक फेरी, ट्यून कर, बघ, परत एक फेरी. ब्रिज बॉडीला समांतर आला की थांब. स्क्रू आत जाऊन संपले तर एक स्प्रिंग वाढव. तू हँडल वापरतच नसशील तर ब्रिज पूर्ण मागं टेकवून टाक, ड्रॉप ट्यूनिंगला ते सगळ्यात निवांत.

इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर लागणं) शेवटी. बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथंच तारेला नुसतं बोट लावून काढलेल्या सुरापेक्षा) वर लागत असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागं न्यायचं, खाली लागत असेल तर पुढं. जाड तारेचं सॅडल बरंच मागं जातं. काही स्वस्त ब्रिजवर स्क्रू संपतो पण सूर जुळत नाही, तेव्हा सॅडलमागची छोटी स्प्रिंग काढून टाकली की थोडी जागा मिळते.

आणि नट, ज्याच्याकडं सगळे काणाडोळा करतात. तुझा नट ४२ च्या तारेसाठी कापलेला आहे. ५६ ची तार त्या खाचेत बसतच नाही, वर तरंगते. मग पहिल्या फ्रेटवर सूर बेसूर, आणि खुंटी फिरवली की 'टिंग' करून उडी. खाच रुंद करावीच लागेल.

गोलाई_रिफ (लातूर)

ताई, नटची खाच इथं कोण करून देणार? गिटारचा कारागीर लातुरात माझ्या माहितीत नाही. सुताराकडं न्यावी का?

सहावी_तार (परभणी)

सुतारमामांचा मान ठेवून सांगते, नको. त्यांची कानस दरवाजाच्या बिजागरीची. नटच्या कानशी मापाच्या मिळतात पण महाग असतात, एका नटसाठी घेणं परवडत नाही.

वाळूज_थर्ड_शिफ्ट (छ. संभाजीनगर)

इथं मी कामाचा. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात गॅस कटिंगच्या नोझलचा टिप क्लीनर मिळतो. पानासारखी घडी असते, आत वेगवेगळ्या जाडीच्या गोल खरखरीत तारा. किंमत चहा-भज्याची. ५६ च्या तारेच्या जवळपासची किंवा किंचित जाड काडी निवडा आणि खाचेत पुढं-मागं करा. बाजूच्या भिंती रुंद करायच्यात, तळ खोल करायचा नाही. हे विसरलात तर तार फ्रेटवर टेकेल आणि मग नवीन नट. हात हलका, दर चार-पाच घासांनी तार बसवून बघा. काडी लवते म्हणून घाई करू नका. खाचेचा उतार खुंटीकडं हवा, म्हणजे तार नटच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेवर टेकते. शेवटी पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा, टिंग बंद होतं.

आमच्याकडं रात्रपाळीला दोघं-तिघं मेटलवाले आहेत. प्रेस शॉपच्या आवाजाला ताल धरून वाढलेली पिढी.

गोलाई_रिफ (लातूर)

टिप क्लीनर! हे तर औसा रोडलाच मिळेल. जबरदस्त. आता राहिलं निकेल का स्टील, आणि कोटेड.

कडक_ऊन (जालना)

त्याचं मी सांगतो. वरच्या तीन तारा असल्या बहुतेक सेटमध्ये साध्या पोलादाच्याच असतात, फरक गुंडाळीच्या तारांत पडतो. आपल्याला दुकानात सहसा मिळतो तो निकेल प्लेटेड स्टील, मेटलसाठी तोच मधला मार्ग. शुद्ध निकेल उबदार, जुन्या धाटणीचा, त्यावर पाम म्यूटची धार बोथट वाटते. स्टेनलेस सगळ्यात चकचकीत वाजतो आणि घामाला सगळ्यात जास्त टिकतो, पण बोटाखाली खरखरतो आणि फ्रेट लवकर झिजवतो. स्वस्त गिटारला नवीन फ्रेट बसवण्यापेक्षा नवीन गिटार स्वस्त पडेल, म्हणून मी स्टेनलेस टाळतो.

कोटेडचं उत्तर तुझ्या हातावर आहे. आपल्याकडं हवा कोरडी, त्यामुळं नुसत्या हवेने तारा कोकणासारख्या गंजत नाहीत. इथं तार मारतो तो घाम आणि धूळ. एप्रिल-मे मध्ये चाळीसच्या वर पारा, प्रॅक्टिस पत्र्याच्या खोलीत, लाईट गेलेली, पंखा बंद. तासाभरात तार चिकट. ज्याचा घाम खारट त्याची साधी तार दोन-तीन आठवड्यांत मेली समजा. ते लोक कोटेडला दुप्पट पैसे घालतात ते वसूल होतात. ज्याचे हात कोरडे, त्याने साधा सेट घ्यावा, वाजवून झाल्यावर सुती कपड्याने तार खालून-वरून पुसावी आणि उरलेल्या पैशात आणखी एक सेट घरात ठेवावा. मेटलला नव्या तारेची धार लागतेच. जुन्या गुंडाळीत मळ बसला की खालचा सूर आणखी गढूळ होतो.

उन्हाळ्याचं अजून एक. फ्रेटबोर्डाचं लाकूड सुकून आकसतं आणि फ्रेटची टोकं बाजूला टोचायला लागतात. तारा काढल्याच आहेत तर रोझवूड किंवा तशाच उघड्या लाकडाला फ्रेटबोर्डाचं तेल दोन थेंब लाव आणि पुसून टाक. पॉलिश केलेल्या मेपलला लावायचं नाही. कुणी खोबरेल सांगेल, ऐकू नकोस, ते खवट होतं.

बीडचा_बेस (बीड)

खोबरेल मी सांगणारच होतो.

किर्र_डबल_किक (हिंगोली)

ड्रमवाला आहे, तारांतलं कळत नाही, पण ऑनलाइन घेताना जपा. आमच्या गिटारवाल्याने एका साइटवर निम्म्या भावात डॅडारिओ कंपनीचा सेट मागवला. पाकीट अगदी हुबेहूब. पहिल्याच प्रॅक्टिसला तिसरी तार तुटली आणि बाकीच्या सुरातच राहीनात.

तारतम्य (छ. संभाजीनगर)

बनावट डॅडारिओचा सुळसुळाट आहे खरा. अस्सल सेटमध्ये तारेच्या टोकाच्या गोळ्या रंगीत असतात: पहिली चंदेरी, दुसरी जांभळी, तिसरी हिरवी, चौथी काळी, पाचवी लाल, सहावी पितळी. नकली माल तेही रंग मारतो, पण रंग पोपडे धरतो किंवा क्रम चुकतो. पाकिटाच्या आत नोंदणीचा कोड असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकून बघता येतो. आणि निम्म्या भावात मिळतंय म्हटल्यावर तिथंच शंका यायला हवी.

गोलाई, आता नेमकं काय घ्यायचं ते लिहितो. ११-४९ चा सेट (११, १४, १८, २८, ३८, ४९) आणि सोबत ५६ ची एक सुटी गुंडाळीची तार. ४९ बाजूला ठेव, तिच्या जागी ५६ लाव. ड्रॉप सीला पाचवी पावणेआठ किलो, सहावी साडेसातच्या आसपास, वरच्या तीन साडेसहा ते सातमध्ये. सगळ्या तारा हाताला जवळपास सारख्या लागतील आणि तिसरी साधीच असल्यामुळं बेंडही मारता येतील. सुटी तार गावात मिळणार नाही, मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानातून मागवावी लागेल. दोघांच्या दोन एकदम मागव, कुरिअर एकच पडेल.

सुटी मिळालीच नाही तर ११-५६ चा तयार सेट येतो. त्यात पाचवी ४४ ची, जी मध्ये दहा किलोच्या थोडी वर जाते. चालेल, पण वरचा हिशेब जास्त चांगला.

नांदेडचा_काका (नांदेड)

माझ्यासारख्या पातळवाल्यालाही हा सेट मान्य. सहावी सोडली तर अकराच आहे.

सहावी_तार (परभणी)

आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तारा बदलू नकोस. नव्या तारा दोन-तीन दिवस ताणत राहतात. बसवल्यावर एकेक तार हाताने हलकेच वर ओढ, ट्यून कर, परत ओढ, सूर उतरायचा थांबेपर्यंत. गॅदरिंग उघड्या मैदानावर असेल तर गिटार उन्हात ठेवू नकोस, तापलेली तार प्रसरण पावते आणि सूर खाली जातो. स्टेजवर चढल्यावर दिव्यांखाली पाच मिनिटं थांबून मग ट्यून कर.

गोलाई_रिफ (लातूर)

अपडेट. पुण्याहून सगळं आलं, दोन सेट, दोन सुट्या ५६. टिप क्लीनर औसा रोडला मिळाला, दुकानदाराला गिटारसाठी पाहिजे म्हटल्यावर त्याने दोनदा विचारलं. खाच वाळूजदादांनी सांगितली तशी केली, तार तळाशी टेकली, टिंग नाही. ब्रिज पूर्ण मागं टेकवला. काकांच्या सांगण्यावरून गेन निम्म्यावर आणला.

फरक एवढा आहे की ड्रमवाल्याने विचारलं गिटार नवीन घेतली का. सोळाव्या मात्रा सुट्या ऐकू येतात. ट्यूनरवर अजून किंचित उडी दिसते, पण कानाला कळत नाही. बेंड जड गेले, ते सवयीने होईल.

एकच राहिलंय. तिसरी तार (१८ ची) मोकळी सुरात असते, पण पाचव्या फ्रेटच्या पुढं किंचित चढी लागते. सॅडल सहावीपेक्षा बरंच पुढं आहे, मी हात लावला नाही.

सहावी_तार (परभणी)

मागं घे. तिसरी साधी तार गाभ्याने सगळ्यात जाड असते, म्हणून तिचं सॅडल साध्या तारांत सगळ्यात मागं आणि चौथीच्याही थोडं मागं येतं. कारखान्यातली जागा नऊच्या सेटसाठी होती. तार थोडी सैल करून मग स्क्रू फिरव, नाहीतर आटे घासतील.

गोलाई_रिफ (लातूर)

झालं. बाराव्या फ्रेटवर आता बरोबर. ताई, दादा, काका, सगळ्यांचे आभार.

४९ च्या दोन कोऱ्या तारा उरल्यात. कुणाला पाहिजेत?

किर्र_डबल_किक (हिंगोली)

आमचा गिटारवाला ड्रॉप डी मध्ये वाजवतो, ४६ ढिली लागते म्हणून रडत असतो. पाठव.

तारतम्य (छ. संभाजीनगर)

डीला ४९ म्हणजे सात किलोच्या वर, त्याला बरोबर बसेल. नटची खाच तपासायला सांगा त्याला.

गोलाई_रिफ (लातूर)

पत्ता व्यनि करा. सोमवारी टाकतो.